क्रूस शर्टाच्या आत की बाहेर?

आमच्या वैजापूर तालुक्यात गळ्यात काय आहे ते बघून माणूस ओळखायची जुनी सवय आहे. शिऊरला संत बहिणाबाईंची समाधी, सराला बेटाची सप्त्याची परंपरा. त्यामुळे तुळशीची माळ दिसली की पंगतीत वाढणारा आपोआप जपून वाढतो. माळेला मान आहे, आणि तो असायलाच पाहिजे.

याच तालुक्यात घोगरगाव आहे. निजामाच्या काळात फादर गुरियन जाकियर या फ्रेंच मिशनऱ्याने इथं काम केलं. आजूबाजूच्या गावांत कॅथलिक घरं आहेत ती तेव्हापासूनची. मी त्यातल्याच एका घरातला. माझ्या गळ्यात मातमाउलीचं मेडल आहे. सप्टेंबरात हरेगावच्या यात्रेत घेतलेलं, फादरांनी आशीर्वाद दिलेलं.

लोक याला दागिना म्हणतात. आमच्या वडिलांचा क्रूस काळ्या दोऱ्यात होता, चेन परवडत नव्हती. चर्चही त्याला दागिना मानत नाही. आशीर्वादित वस्तू आदराने वापरावी, असं चर्चचा कायदाच सांगतो. पूर्वी कापडाचं स्कॅप्युलर घालायचे. कापड घामाने खराब व्हायचं, म्हणून 1910 मध्ये पोप दहावे पायस यांनी त्याऐवजी धातूचं मेडल चालेल अशी परवानगी दिली. आता काही पोरं सिनेमातला हिरो बघून जपमाळच गळ्यात अडकवतात. म्हातारी माणसं कुरकुरतात, "जपमाळ हातात धरायची असते रे!" त्यांचं बरोबर आहे. पण मला काळजी फॅशनवाल्या पोरांची नाही. क्रूस शर्टाच्या आत सरकवणाऱ्या पोरांची आहे.

आधी परीक्षेचं बोलू. नीटच्या गेटवर कडं, ताईत, चेन सगळंच काढायला लावतात. कॉपीचे प्रकार बघता नियम समजू शकतो. पण 2015 मध्ये केरळात एका सिस्टरला शिरोवस्त्र आणि क्रूस काढायला सांगितलं, आणि त्यांनी परीक्षाच दिली नाही. आता श्रद्धेची वस्तू असेल तर लवकर या, तपासणी करू, अशी सोय आहे. किती पालकांना ते माहीत आहे? संविधानाच्या कलम 25 मध्ये शिखांच्या कृपाणाचा स्पष्ट उल्लेख आहे, क्रुसाचा नाही. तरी धर्म पाळायचा हक्क त्याच कलमाने सगळ्यांना दिलाय. गेटवर दोन मिनिटं क्रूस खिशात गेला म्हणून श्रद्धा जात नाही. हा प्रश्न सुटण्यासारखा आहे.

खरा प्रश्न जातीच्या दाखल्याचा आहे. आमच्यातले बहुतेक जण मूळचे महार-मांग. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती फक्त हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेरच राहिले. महाराष्ट्रात आम्हाला ओबीसीत जागा आहे, नाही असं नाही. पण अनुसूचित जातीची राखीव जागा नाही, ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण नाही. गावाने मात्र बाप्तिस्म्याचं पाणी बघून आमची वस्ती हलवली नाही. ती होती तिथेच आहे.

नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने पुदुच्चेरीच्या एका महिलेचा दावा फेटाळला. चर्चला जायचं आणि नोकरीपुरतं हिंदू म्हणवायचं, ही संविधानाची फसवणूक आहे, असं कोर्ट म्हणालं. आजच्या कायद्याप्रमाणे दुसरा निकाल लागणं अवघडच होतं, आणि खोटं लिहून दाखला मिळवावा असं मीही म्हणणार नाही. पण कायदाच असा असेल की शाळेच्या जुन्या दाखल्यावर एक धर्म, रविवारच्या मिस्सेला दुसरा, आणि मध्ये अठरा वर्षांचा पोरगा, तर तो गळ्यावर हात ठेवूनच फिरणार. तहसीलच्या रांगेत कॉलरचं वरचं बटण लावणारी पोरं मी पाहिली आहेत, मे महिन्याच्या उन्हात.

याचा अभ्यास करायला केंद्राने ऑक्टोबर 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. त्याला मुदतवाढ मिळत गेली. इकडे पोरांच्या भरतीची वयं निघून जातात, त्यांना कोण मुदतवाढ देणार?

माझी मागणी साधी आहे. जातीचा चटका बसतो की नाही, हे बघून ठरवा. गळ्यात काय आहे ते बघून नको. आरक्षणाचा कोटा कसा वाटायचा, बौद्ध आणि हिंदू दलित बांधवांच्या वाट्याचं काय, हे प्रश्न खरे आहेत. त्यांच्याशी बसूनच ते सोडवावे लागतील. पण ते सोडवायला आधी आम्ही आहोत, हे तरी मान्य व्हायला हवं.

आणि आमच्या समाजातल्या बापांना एक सांगणं. पोराला क्रूस लपवायलाही शिकवू नका, मिरवायलाही नको. कागदावर जे खरं आहे तेच लिहा, आणि कायदा बदलायसाठी उघडपणे भांडा. तुमचं मत वेगळं असेल तर खाली लिहा. वाचतो मी सगळं.