स्कोप घ्यायचाय, पण कुठला?

माझ्या भाचीला ऑसिलोस्कोप घ्यायचाय. (आमच्या पिढीतले लोक त्याला अजून सीआरओच म्हणतात, आत कॅथोड रे नळी असो वा नसो!) डिप्लोमा करता करता शिकवण्या घेऊन तिने चाळीस हजार साठवलेत आणि ते सगळे ती या एका डब्यात घालणार आहे. ताईच्या मते एवढ्या पैशांत चांगला लॅपटॉप येतो. मामा इलेक्ट्रॉनिक्सवाला, म्हणून निवाडा माझ्याकडे.

सगळे पहिल्यांदा विचारतात, किती मेगाहर्ट्झचा? मी तिला विचारलं, तू त्यावर बघणार काय आहेस? तर यादी अशी: आर्डुइनो, सेन्सर, छोट्या मोटारी, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे बिघडलेले मोबाइल चार्जर.

आता आर्डुइनो उनोचं क्लॉक १६ मेगाहर्ट्झचं. मग ५० मेगाहर्ट्झचा स्कोप भरपूर झाला, असं वाटतं ना? पण चौकोनी लाटेत मूळ वारंवारतेच्या तिप्पट, पाचपट असे भागही असतात, म्हणजे इथे ४८ आणि ८०. शिवाय ५० मेगाहर्ट्झ लिहिलेला स्कोप त्या वारंवारतेला लाटेची उंची साधारण ७० टक्केच दाखवतो. म्हणजे कोपरे घासून गुळगुळीत झालेली लाट दिसणार. क्लॉक चालू आहे की नाही एवढं कळायला ते पुरे, पण कडा नीट बघायच्या तर ७० ते १०० बरा. त्यापुढचा आकडा तिच्यासाठी निव्वळ मिरवायचा.

चॅनेल मात्र चारच हवेत, यावर मी अडून बसलो. एसपीआयच्या तारा मोजा: क्लॉक, जाणारा डेटा, येणारा डेटा, चिप सिलेक्ट. दोन चॅनेलमध्ये अर्धं संभाषण ऐकू येतं. मात्र जाहिरातीतला सॅम्पलिंगचा आकडा बहुतेकदा एकाच चॅनेलचा असतो. रिगॉलच्या गाजलेल्या डीएस१०५४झेडवर एक चॅनेल लावला तर सेकंदाला १०० कोटी नमुने, चारही लावले तर प्रत्येकाला २५ कोटी. २०२३ पासून याच वर्गात १२ बिटांचे स्कोप आलेत. जुन्या ८ बिटांत उंचीच्या २५६ पायऱ्या, यांत ४०९६. सेन्सरच्या बारीक सिग्नलला याचा उपयोग आहे.

दाजी म्हणाले, तापकीर गल्लीत विचारून एखादा जुना सीआरओ बघू की! सूचना वाईट नाही, पण मोटार सुरू होताना बोर्ड रीसेट का होतो हे तिला शोधायचंय. व्होल्टेज क्षणभर पडतं, एकदाच. साध्या अॅनालॉग पडद्यावर ते डोळ्यांदेखत निसटतं. डिजिटलवर ट्रिगर लावून ठेवायचा आणि चहा घेऊन यायचं, चित्र तिथेच थांबलेलं असतं.

इथवर सगळं खेळीमेळीत चाललं होतं. मग मी चार्जरवर आलो.

प्रोबचा काळा चिमटा स्कोपच्या आतून थेट भिंतीतल्या अर्थिंगला जोडलेला असतो. चार्जरच्या मेन्सकडच्या बाजूची 'ग्राउंड' ही अर्थ नव्हेच. तिथे चिमटा लावला की सरळ शॉर्ट: ठिणगी, आणि चार्जरसोबत कदाचित नवाकोरा स्कोपही गेला. यावर काही दुरुस्तीवाले काय शक्कल लढवतात? स्कोपच्या प्लगची अर्थची जाड पिन काढून टाकतात. मग शॉर्ट होत नाही खरा, पण स्कोपच्या उघड्या धातूच्या भागांवर मेन्सचं व्होल्टेज येऊ शकतं, आणि समोर बसून बटणं फिरवणारी असते आपली मुलगी. हे ऐकल्यावर ताईने लॅपटॉपचा विषय सोडला आणि चार्जरचा धरला.

उपाय आहेत. चार्जर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर चालवायचा, किंवा हाय-व्होल्टेज डिफरेन्शियल प्रोब घ्यायचा. दोन्हींना पैसे लागतात आणि स्कोपच्या खोक्यात यातलं काहीच येत नाही. म्हणून माझा सल्ला असा: चाळीसच्या चाळीस हजार स्कोपमध्ये घालू नकोस. चार चॅनेलचा, बजेटच्या खालच्या टोकाचा घे आणि उरलेले प्रोबसाठी ठेव. प्रोब येईपर्यंत चार्जर उघडायचे नाहीत, शेजारच्या काकूंनी कितीही गळ घातली तरी.

चार्जरचं तिने कबूल केलंय. आता म्हणते, "मामा, पण स्क्रीन मोठा हवा हं!"