मागें बांधलेलें ओझें

ट्रॅक्टर हा शेतांतला गडी. हमरस्त्याचा वेग त्याला मानवत नाहीं. मुंबई-पुणे द्रुतगति महामार्गावर तर स्वतःच्या चाकांनीं येण्याची त्याला मनाईच आहे. तेव्हां लांबच्या मजलेला तो ट्रेलरवर चढतो आणि मोटारीमागून धांवूं लागतो. अशी वरात दिसली कीं लोक हांकणाऱ्याचें कसब पाहतात. आम्हांला मात्र वाटतें कीं, त्या प्रवासाचें बरेंवाईट बरेंचसें निघण्यापूर्वींच ठरलेलें असतें.

बैलगाडी भरणाऱ्या आमच्या वाडवडिलांना हें ठाऊक होतें. भार मागें गेला कीं गाडी उलाळते. ट्रेलरचेंहि तसेंच आहे. एकंदर वजनाचा शेंकडा १० ते १५ भाग मोटारीच्या जोडावर पडावा, अशा बेतानें ट्रॅक्टर पुढें घ्यावा. नाहींतर वेगांत ट्रेलर शेंपटीसारखा डुलूं लागतो. चारी कोंपऱ्यांच्या साखळ्या आवळाव्या, आणि थोडें अंतर गेल्यावर उतरून पुन्हां चांचपाव्या. हादऱ्यांनीं त्या सैल पडतात.

ताशीं ४० किलोमीटरांचे ८० झाले कीं गाडीच्या अंगचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. डुलणें सुरू झालेंच, तर घाबरून मोटारीचा ब्रेक करकचूं नये. चाक स्थिर धरून वेग उतरूं द्यावा.

अशा गाडीशेजारून आम्ही मुलांबाळांसह जातों, तेव्हां तिची एकहि साखळी आम्हीं तपासलेली नसते. कोणा अनोळखी माणसानें ती नीट आवळली असेल, एवढ्याच विश्वासावर आम्ही पुढें जातों.