नारळ फोडू नये, वाढवावा

गणपतीपुळ्याला देवापुढे कुणी नारळ फोडत नाही, नारळ वाढवतात. दगडावर आपटल्यावर त्याची दोन शकले होतात, पाणी भुईवर सांडते, तरी क्रियापद मात्र वाढीचे! दर्शन आटोपून, डोंगराला प्रदक्षिणा घालून मंडळी घराकडे वळतात, तेव्हा देवाला 'जातो' असे म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. पश्चिमेला समुद्राकडे तोंड करून बसलेल्या त्या गजाननाने पिढ्यान् पिढ्या माणसांच्या पाठी पाहिल्या आणि 'येतो' हा शब्द ऐकला. त्यातले कितीजण पुन्हा आले, याचा हिशेब त्याने ठेवला नसावा. असे हिशेब ठेवू नयेत, हेच त्या शब्दातले शहाणपण आहे.

मराठीचा हा हळवेपणा मला फार आवडतो. घरातला दिवा विझवायचा नसतो, तो मालवायचा किंवा शांत करायचा. सवाष्णीच्या हातातली बांगडी पिचली तर ती फुटली म्हणायचे नाही, वाढली म्हणायचे. अकरा दिवसांचा गणपती पाण्यात बुडवला असे कोणी म्हटले, तर घरातली पोरेसुद्धा रडतील. म्हणून आपण त्याला पोचवायला जातो. वाईटाचे नाव घेतले की ते दाराशी येते, अशी ही जुनी भीती आहे. तीत भाबडेपणा असेल, पण माया अधिक आहे.

भीती जितकी मोठी, तितका शब्द गोड. कोकणात दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणत नाहीत. तो 'जनावर' होतो, नाहीतर 'लांबडे' होतो. आणि तो चावला, तर माणसाला 'पान लागते'. विड्याच्या पानाइतका कोवळा शब्द! पण मला नेहमी वाटते, की पान लागलेल्या माणसाला मांत्रिकाकडे न्यावेसे वाटते आणि साप चावलेल्या माणसाला इस्पितळात. शब्द बदलला की पायांची दिशा बदलते. पुळ्याच्या पुळणीवर आंघोळीला उतरणाऱ्यांसाठी सूचनेचे फलक लावलेले असतात. त्यांवर 'समुद्र येथे जरा लाडात येतो' असे लिहिले असते तर? तिथे 'धोका' हाच शब्द हवा. दोन अक्षरांचा आणि बिनमायेचा.

देवीच्या रोगाचेही तसेच. अंगभर फोड उठवून मुले नेणाऱ्या त्या आजाराला आपण साक्षात देवी केले. घरात देवी 'आल्या' म्हणायचे, त्यांना निंबाचा पाला वाहायचा, आणि त्या रागावतील म्हणून औषधाचे नाव काढायचे नाही. पाहुणी म्हणून आलेल्या देवीला बाहेर काढायचे कसे? पण गंमत पाहा, लस टोचण्यालाही आपण 'देवी काढणे' असेच म्हटले, आणि त्याच नावाखाली ती गावोगाव गेली. भारतात या रोगाचा शेवटचा रोगी १९७५ साली आढळला. १९८० साली देवी जगातून गेल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. तेव्हा गोड शब्द नेहमी घातकच असतो, असे नाही. तो कुणाच्या कामी येतो, एवढे पाहावे.

हे पाहू लागलो की मला माझ्या वडिलांची आत्या आठवते. बालपणी लग्न झालेली आणि बालपणीच विधवा झालेली. तांबडे आलवण, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर. घरी येणाऱ्या पत्रांत तिच्या नावामागे 'गं. भा.' असे असे. गंगा आणि भागीरथी! अख्ख्या हिंदुस्थानाची पापे धुणारी नदी त्या दोन अक्षरांत मावलेली. मायन्यात तिचे नाव सगळ्यांच्या आधी, मंडपात ती सगळ्यांच्या मागे. मोदकांची उकड तिच्यावाचून कुणाला साधत नसे, पण नवरीला हळद लावायला तिला कुणी हाक मारीत नसे. तिला एक वेळ जेवायला लावणाऱ्या घराने तिला नदीचे नाव दिले होते. नदीला भूक लागते, असे कोण म्हणेल?

त्यातली एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. सवाष्णीची बांगडी चुकून पिचली तर ती 'वाढते'. पण नवरा गेल्यावर बायकांनी तिच्या हातातल्या बांगड्या 'फोडल्या', असेच म्हणतात. कुंकू 'पुसतात', मंगळसूत्र 'तोडतात'. नारळासाठी, दिव्यासाठी, काचेच्या एका कंकणासाठी जपून ठेवलेले मऊ शब्द, जिला त्यांची सर्वांत अधिक गरज, तिच्यापाशी येताच संपतात. मागाहून तिला 'गंगा भागीरथी' ही पदवी मिळते. आणि पुरुषाचे? बायको गेली तरी तो 'रा. रा.'चा 'रा. रा.'च राहतो, फार तर स्वतः गेल्यावर 'कै.' होतो.

याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली एका विधवेशी लग्न केले आणि गावाचा बहिष्कार सोसला. त्याच वर्षी त्यांनी 'विधवाविवाहोत्तेजक मंडळी' काढली. दोन वर्षांनी तिचे नाव 'विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी' झाले. आम्ही कुणाला उत्तेजन देत नाही, फक्त वाटेतला धोंडा दूर करतो, असा त्याचा अर्थ. आणि १८९६ साली त्यांनी विधवांसाठी काढलेल्या संस्थेचे नाव काय, तर 'अनाथ बालिकाश्रम'! हाही शब्द मऊच, पण त्याच्या आडून मुली शाळेत गेल्या. 'गं. भा.'च्या आडून त्या स्वयंपाकघरात गेल्या. मऊ शब्दांची पारख यापेक्षा सोपी मला सापडलेली नाही: त्याने दार उघडले की लोटले?

हा सगळा जुना इतिहास, असे कुणी म्हणेल. पण एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' हा शब्द वापरण्याबाबत चर्चा करावी, असे पत्र आपल्या खात्याला लिहिले. अपंगांसाठी 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला होता, तसेच हे. टीका झाली, तेव्हा हा निर्णय नाही, केवळ विचारासाठी पाठवलेले पत्र आहे, असा खुलासा त्यांनी केला. हेतू मानाचाच असेल. पण त्याच्या आदल्या वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने एक ठराव केला होता: नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे बंद. पुढे राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तोच कित्ता गिरवायला सांगितले. हेरवाडकरांनी 'विधवा' या शब्दाला पर्याय शोधला नाही. त्यांनी क्रियापदांची नावे घेतली, आणि ज्याचे नाव घेतले तेच बंद करता येते.

आता दिवाळी सरली की तुळशीची लग्ने लागतील आणि त्यामागोमाग माणसांची. घरोघर पत्रिकांचे कच्चे मसुदे फिरतील; कुणाच्या नावाआधी काय लिहायचे, यावर खल होईल. माझी एवढीच सूचना आहे, की काकूंच्या नावामागे 'श्रीमती' पुरे, किंवा काहीच नको. पण पत्रिका छापायला देण्यापूर्वी त्यांना जाऊन विचारून यावे: "काकू, पहिली हळद तुम्ही लावाल ना?"