घसा काळा की पांढरा?

छंद एकट्याचा असतो तोवर त्याला नियमांची गरज भासत नाही. आवडेल ते पाहावे, वहीत टिपावे. चुकले तरी त्यात कोणाचेच नुकसान नसते. परंतु दहा समछंदी एकत्र आले की प्रश्न निराळा होतो, आणि दहाचे दहा हजार झाले की तो टाळता येत नाही. नव्या माणसांवाचून मंडळ वाढत नाही. आणि नवी माणसे लोंढ्याने आली की जुन्यांनी घालून दिलेली शिस्त विरघळू लागते. दार लावून घेतले तर मंडळ म्हातारे होते, सताड उघडे ठेवले तर त्याचा बाजार होतो.

पक्षिनिरीक्षणाच्या छंदाला हा पेच फार जवळून ठाऊक आहे. 1883 मध्ये मुंबईत आठ निसर्गप्रेमींनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, त्या काळी बंदुकीने टिपलेला पक्षी हाच नोंदीचा पुरावा मानला जाई. पुढे दुर्बीण आली, 1941 मध्ये सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक निघाले, आणि पक्ष्याला न मारता ओळखणे सामान्य वाचकाच्याही आवाक्यात आले. 1960 च्या आसपास जफर फतेहअली यांनी पक्षिनिरीक्षकांसाठी एक छोटेखानी वार्तापत्र सुरू केले. बंदूक मागे पडली, ही मोठीच गोष्ट झाली. पण त्याबरोबर पुरावाही बदलला. आता पुरावा म्हणजे पाहणाऱ्याचा शब्द. वाचक मूठभर असताना कोणाचा शब्द किती वजनाचा, हे एकमेकांना माहीत असे. हजारो अनोळखी माणसांच्या शब्दाचे वजन कसे करावे?

अमेरिकेतील कॉर्नेल पक्षिविज्ञान प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन सोसायटी यांनी 2002 मध्ये ‘ई-बर्ड’ हा उपक्रम सुरू केला, तेव्हा हाच प्रश्न त्यांच्यापुढे होता. भारतातही आता हजारो हौशी निरीक्षक त्यावर आपल्या याद्या नोंदवतात.

सांगलीतील एका निवृत्त हळद व्यापाऱ्याने याच नोंदींपासून आपल्या छंदाची सुरुवात केली. दुकान मुलाच्या हाती सोपवून झाले होते. सकाळ रिकामी होती. फेब्रुवारीत चार दिवसांची पक्षिगणना असते, हे कॉलेजात जाणाऱ्या नातीने सांगितले आणि त्यांच्या फोनवर सारी व्यवस्था करून दिली. कृष्णाकाठी फिरून त्यांनी पहिली यादी भरली: चिमण्या, साळुंक्या, बुलबुल, वेडे राघू, घारी आणि शेवटी ‘चातक, एक’. काळी पाठ, पांढरे पोट, लांब शेपूट. शंकेला जागाच नव्हती.

तिसऱ्या दिवशी पत्र आले. नोंदीबद्दल प्रथम आभार मानलेले होते. मग लिहिले होते की, चातक या भागात बहुधा पावसाच्या तोंडाशी येतो. फेब्रुवारीतील नोंद म्हणूनच महत्त्वाची ठरेल. पक्ष्याचे थोडे वर्णन कळवाल का? डोक्यावर तुरा होता का? घसा आणि छाती काळी होती की पांढरी?

गृहस्थ दुखावले. चाळीस वर्षे ज्यांच्या तोंडच्या शब्दावर सौदे झाले, त्यांच्याकडे कोणी परका एका पाखराचा पुरावा मागत होता. ‘काढून टाक ते फोनमधून,’ त्यांनी नातीला सांगितले. तिने फोन हाती घेतला आणि शांतपणे विचारले, ‘आजोबा, शेतकऱ्यावर विश्वास नव्हता म्हणून का तुम्ही पोत्यात हात घालायचा?’

ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र त्याच झाडाखाली जाऊन उभे राहिले. पक्षी त्याच फांदीवर बसून गात होता. तुरा नव्हता. घसा काळा होता, छातीही काळी. तो दयाळ होता. घरी येऊन त्यांनी स्वतःच नोंद दुरुस्त केली आणि तसे कळवले. उलट उत्तर आले, तेही आभाराचेच.

या व्यवस्थेची रचना पुढे त्यांना हळूहळू उमगत गेली. कोणत्या भागात, वर्षाच्या कोणत्या काळात कोणता पक्षी साधारण किती संख्येने दिसावा, याच्या मर्यादा जाणकार आधीच ठरवून ठेवतात. नोंद त्या मर्यादेबाहेर गेली की यंत्र ती बाजूला काढते आणि एखादा स्वयंसेवक, वेतनाशिवाय, ती तपासतो. खुलासा पटला नाही तरी निरीक्षकाच्या स्वतःच्या यादीतून ती पुसली जात नाही. केवळ सर्वांच्या सामाईक माहितीत ती मिसळू दिली जात नाही. माणसाचा मान आणि संग्रहाची शुद्धता, दोन्ही त्यामुळे सांभाळली जातात.

आणखी एक शिस्त त्याहून सूक्ष्म आहे. तेथे दुर्मीळ पक्ष्याच्या एकट्या नोंदीपेक्षा ओळखू आलेल्या सगळ्या पक्ष्यांची पूर्ण यादी अधिक मोलाची मानली जाते. कावळा आणि चिमणी गाळून चालत नाही. किती वेळ पाहिले, किती चाललो, हेही लिहावे लागते. बढाईच्या हव्यासाने अनेक छंदमंडळे बिघडतात. येथे सामान्य गोष्ट नेमाने टिपणाऱ्यालाही मान आहे.

या नेमाचे फळ 2020 मध्ये दिसले. सुमारे 15,500 निरीक्षकांच्या 1 कोटीहून अधिक नोंदींवरून भारतातील 867 जातींच्या पक्ष्यांची स्थिती मांडली गेली. चिमणी देशभरातून नाहीशी होत आहे, असा सार्वत्रिक समज होता; मोठ्या शहरांत ती घटली असली तरी एकूण देशात तिची संख्या गेल्या 25 वर्षांत साधारण स्थिर आहे, असे आढळले. 2023 च्या अहवालापर्यंत निरीक्षक सुमारे 30,000 झाले, नोंदी 3 कोटींवर गेल्या आणि जाती 942. माणसे दुपटीने वाढूनही संग्रह विश्वासार्ह राहिला. कोणी तरी प्रत्येक शंकास्पद नोंदीपाशी थांबून विचारत होते, म्हणूनच हे घडले.

सांगलीचे ते गृहस्थ आता दर रविवारी पाच-सहा मुलांना नदीकाठी नेतात. जुन्या सोबत्यांपैकी काहींना हा गोंगाट रुचत नाही. ‘यांना घार आणि गरुड कळत नाही, हे काय याद्या करणार?’ असे ते म्हणतात. गृहस्थ वाद घालत नाहीत. त्या पत्रात एखादा शब्द जरी तुसडा असता तरी आपण आज येथे नसतो, हे त्यांना पक्के ठाऊक आहे.

मागच्याच रविवारी एक मुलगा ओरडला, ‘आजोबा, गरुड!’ मागे उभे असलेले दोघे-तिघे हसले. गृहस्थांनी गळ्यातील दुर्बीण काढून त्याच्या हाती दिली आणि विचारले, ‘शेपूट नीट बघ. टोकाला गोल आहे की मध्ये खाच आहे?’

मुलाने दुर्बीण डोळ्यांना लावली. घार बराच वेळ घिरट्या घालत राहिली.