खणातले खण

जुलैतली गोष्ट. सकाळपासून कोसळणाऱ्या पावसानं लोकलचे तीन तेरा वाजवले होते. रात्री साडेअकराला दारावरची घंटा वाजली. दारात माझ्या नणंदेचा मुलगा, नखशिखान्त भिजलेला. बदलापूरला जाणारी गाडी डोंबिवलीच्या पुढे सरकेना, म्हणून तो आमच्याकडे आला होता. गरम आमटी-भात पोटात गेला, केस पुसून झाले आणि प्रश्न उरला अंथरुणाचा.

मी लोखंडी कपाट उघडलं आणि मधल्या खणातली एक चादर ओढली. तिच्यावरची सगळी चवड माझ्या अंगावर आली. एक दुहेरी चादर सापडली, पण ती दिवाणावर अंथरली की दोन्हीकडून जमिनीवर लोळणार. दुसरी एकेरी होती, तिला मधोमध भोक. तिसरी खास ‘पाहुण्यांची’, पिशवीतून न काढलेली. ती उलगडली तर घडीच्या प्रत्येक रेषेवर पिवळा पट्टा आणि तळघरासारखा कुबट वास. भाचा बिचारा म्हणाला, “मामी, राहू दे गं, मी असाच झोपतो.” शेवटी त्याला मुलीच्या पलंगावरची चादर काढून दिली आणि मुलगी आजीजवळ झोपली. घर भरून चादरी आणि अंथरायला एक नाही! त्या रात्री मला पाहुण्यापेक्षा कपाटाची जास्त लाज वाटली.

आमच्या घरावर उपाय शोधण्याची एक ठरलेली रीत आहे. आधी सुताराला बोलवायचं, मग त्याचा आकडा ऐकून त्याला चहा पाजायचा आणि निरोप द्यायचा. या वेळीही तसंच झालं. त्यानं भिंतीला मोजपट्टी लावली, नवीन कपाटाचं चित्र कागदावर काढलं आणि ४२ हजार सांगितले. तो गेल्यावर ह्यांनी एवढंच विचारलं, “चादरींची किंमत किती असेल गं सगळ्या मिळून?” मी ठरवलं, हजार रुपयांच्या वर एक पैसा खर्च करायचा नाही. मुहूर्त ऑक्टोबरचा धरला. पावसाळ्यात कपाट उपसणं म्हणजे ओल एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेणं. नवरात्र तोंडावर आलं, आकाश मोकळं झालं आणि गच्चीवर तव्यासारखं ऊन पडू लागलं, तेव्हा मी कंबर कसली.

पहिल्या दिवशी फक्त मोजदाद केली. हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं, कारण आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मोजलेलं आवडत नाही. मोजलं की बरकत जाते म्हणतात. त्या ८२ वर्षांच्या आहेत. सगळा वेळ समोर खुर्ची टाकून बसल्या होत्या, आणि मी मनातल्या मनात मोजतेय हे त्यांना कळत होतं. चादरी निघाल्या ३७. पांघरुणं १३. टॉवेल ३१, त्यातले १४ कोरे. घरात माणसं चार आणि झोपायच्या जागा तीन.

कोऱ्या टॉवेलांचं गुपित कुठल्याही मराठी घराला सांगायला नको. लग्नकार्यातली टॉवेल-टोपी. पुरुषांना मानाची म्हणून द्यायची, त्यांनी घरी आणून कपाटात टाकायची आणि पुढच्या कार्यात दुसऱ्याला द्यायची. टोप्या कुठे जातात ते देवालाच ठाऊक, टॉवेल मात्र फिरत राहतात. त्या चौदांतल्या एकाच्या घडीत चिठ्ठी निघाली. हिरव्या शाईत, माझ्याच अक्षरात, ‘मु. पो. कराडच्या मामांसाठी’. म्हणजे आम्ही दिलेला टॉवेल कुठकुठले मांडव पाहून पुन्हा आमच्याच घरी आला होता. ह्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “आपल्यापेक्षा जास्त फिरलाय.”

त्याखालोखाल खण. आमच्या कपाटाला खण पाच, आणि त्यातल्या वरच्या खणात खण ३८. ओटीत आलेले, हळदीकुंकवाला मिळालेले, डोहाळजेवणातले, वास्तुशांतीचे. खरा खण म्हणजे कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा, हातमागावर विणलेला, काठाला रंगीत किनार. तसे फक्त तीन निघाले, तेही आईंच्या लग्नातले, त्रिकोणी घडीत. बाकीचे सगळे चकचकीत ब्लाउजपीस. हात लावला की चर्रर्र आवाज येणारे आणि कुठल्याच शिंप्यानं शिवायला न घेतलेले. ते टाकताही येत नाहीत, कारण ओटीत आलेलं टाकायचं नसतं. वापरताही येत नाहीत, कारण अंगाला टोचतात. मग ते राहतात. दर वर्षी दोन बोटं उंची वाढते.

दुसऱ्या दिवशी कारणं शोधली. कपाट सरकवलं तर मागच्या भिंतीवर रंगाचे पोपडे सुटलेले. पलीकडे न्हाणीघर. पत्रा भिंतीला चिकटून उभा होता. भिंतीची ओल पत्र्याला, पत्र्याची चादरींना. खालच्या खणात बुरशी आणि पिवळे डाग त्यामुळेच. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं आणि सुताराकडून मागून आणलेल्या चार लाकडी गुटक्यांवर उभं केलं. पैसे शून्य. कित्येक वर्षांचं दुखणं त्या चार गुटक्यांनी निम्मं झालं.

दुसरं दुखणं माझंच. कडक दिसावं म्हणून मी सुती चादरींना खळ देऊन ठेवत होते. खळ म्हणजे पिष्ट, आणि कसरीला पिष्ट म्हणजे मेजवानी. रुपेरी अंगाचा तो सुळसुळणारा किडा सुतापेक्षा सुतावरच्या खळीसाठी येतो आणि जाता जाता सूतही कुरतडतो. लोकरीचं वेगळं. लोकर खाणाऱ्या अळ्या दुसऱ्या. सासऱ्यांच्या घोंगडीला पडलेली भोकं त्यांचीच. आता नियम असा की साठवायच्या कपड्याला खळ नाही, नीळ नाही. नुसता धुवायचा, खडखडीत वाळवायचा आणि उन्हातून आणल्यावर तासभर पंख्याखाली गार होऊ द्यायचा. गरम कपडा घडी करून ठेवला की आतली वाफ आतच राहते, हे मला माझ्या आईनं सांगितलं होतं आणि मी विसरले होते.

डांबरगोळ्या मात्र बंद केल्या. त्यांची वाफ हवेत मिसळते म्हणून तर त्या हळूहळू नाहीशा होतात, आणि आमच्याकडे ती थेट आईंच्या छातीत जात होती. हिवाळ्यात शाल पांघरली की रात्रभर खोकला. त्याऐवजी काष्ठौषधीच्या दुकानातून वेखंड आणलं. ५० रुपयांत पाचही खणांना पुरलं. जुन्या मलमलीच्या धोतराचे तुकडे करून त्यात बांधलं. सोबत काळे मिरे आणि सुकवलेला कडुलिंबाचा पाला. वास फार छान येत नाही, पण खोकलाही येत नाही. पाला दर सहा महिन्यांनी बदलायचा, नाहीतर त्यालाच किडा लागतो.

मग आला हिशेब. एका पलंगाला एक चादर अंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. डोंबिवलीच्या पावसाळ्यात कपडा दोन दिवस वाळत नाही, म्हणून एक जास्तीची. म्हणजे पलंगाला चार. तीन पलंगांच्या बारा आणि पाहुण्यांच्या चार. एकूण सोळा. २१ चादरींना निरोप द्यायचा होता.

आईंनी इथे पहिला विरोध नोंदवला. “पाहुण्यांना चारच? अगं, तुझ्या लग्नात या घरात बावीस माणसं झोपली होती.” खरं होतं. पण ती बावीस माणसं आता येत नाहीत. आली तरी जेवून रात्रीच्या गाडीनं परत जातात, कारण सकाळी सगळ्यांना कामावर जायचं असतं. आम्ही ज्यांच्यासाठी चादरी साठवत होतो ते पाहुणे १९९८ सालचे होते. मी हे तोंडानं बोलले नाही. आईंनाही ते माहीत होतं.

२१ चादरींतल्या आठ विटलेल्या पण धडधाकट होत्या. त्या जखमी कुत्र्या-मांजरांच्या आसऱ्याला दिल्या, तिथे जुन्या चादरी कायम लागतात. नऊ पार विरलेल्या होत्या. त्यांची फडकी, पायपुसणी, इस्त्रीच्या टेबलाचं आच्छादन. चार अशा की चादर आहे आणि अभ्रे हरवलेले. तळमजल्यावरच्या शिवणाऱ्या ताईंकडून त्यांच्या गवसण्या शिवून घेतल्या. शाली, स्वेटर, सासऱ्यांची घोंगडी आता त्यात असतात. प्लास्टिकच्या पिशव्या काढून टाकल्या. त्यात हवा कोंडते आणि जरीची साडी असेल तर जर काळवंडते.

जुन्या साड्या आणि पँटी घ्यायला बोहारीण येऊन बसली तेव्हा आई खुर्चीवरून ताठ झाल्या. चादरींकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. “चादर नको ताई, पँट द्या, जरीची द्या.” चार पँटी आणि तीन साड्यांवर तिनं एक वाटी पुढे केली. मी हो म्हणणारच होते. आई म्हणाल्या, “पाच लिटरचा डबा, झाकणासकट. नाहीतर उचल तुझी टोपली.” अर्ध्या तासानं डबा मिळाला, झाकणासकट. शिवाय बोहारीण जाताना आईंना नमस्कार करून गेली.

आता मांडणी. लोखंडी कपाटाच्या खणांची उंची इतकी असते की चवड लावली की ती कोसळणारच. वखारीतून प्लायच्या उरलेल्या दोन फळ्या १८० रुपयांना आणल्या, कापून घ्यायला ४० रुपये. त्यांना खाली विटा लावून दोन खणांत मधला मजला केला. कुठल्याही चवडीत पाचपेक्षा जास्त चादरी नाहीत. चादर आणि एक अभ्रा घडी करून दुसऱ्या अभ्र्याच्या पोटात घालायचा, पोळीत पुरण भरावं तसा. एक पुडकं ओढलं की पलंगाचा सगळा सरंजाम हातात. दुहेरी चादरीच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्याचे तीन टाके, एकेरीवर निळ्याचे. आता रात्री साडेअकरालासुद्धा उलगडून पाहावं लागत नाही. घडीची बंद बाजू बाहेर, म्हणजे मोजता येतं. धुतलेलं सगळ्यात खाली, काढायचं वरचं, म्हणजे एकाच चादरीचा जीव जात नाही. नावं लिहायला पुठ्ठे हवे होते, तर लग्नपत्रिकांचे पाठकोरे कामी आले. टॉवेलांसाठी बांबूच्या दोन टोपल्या, १२० ला एक.

खर्च असा: फळ्या आणि कापणावळ २२०, वेखंड ५०, रिळं ३०, सुती नाडी ३०, गवसण्यांची शिलाई २००, टोपल्या २४०. एकूण ७७० रुपये. हजारातले २३० उरले, त्याची आम्ही चौघांनी मिसळ खाल्ली.

खणांचं मात्र मला जमलं नाही. नवरात्रात ओटी भरायला मी बारा काढले, देवळात आणि शेजारी दिले. दसऱ्याला मोजले तर बारा गेले होते आणि नऊ आले होते. तो खण मी तसाच बंद केला आहे. काही गोष्टी घरात राहायलाच येतात.

सगळ्यात खालून एक सोलापुरी चादर निघाली होती. जड, गर्द लाल, मोरपिसांची नक्षी. दोन्ही बाजूंनी वापरता येणारी, एकीकडे लाल तर उलट्या बाजूनं पांढरी. सासरे १९७४ मध्ये कामानिमित्त सोलापूरला गेले होते तेव्हा त्यांनी आणलेली. घडी मोडलेली नव्हती. आईंना विचारलं, “ही कुणासाठी ठेवली होती?”

“कोणी मोठं माणूस आलं तर म्हणून.”

“आलं का कोणी?”

त्यांनी थोडा विचार केला. “आता या घरात मीच मोठी झाले की गं,” म्हणाल्या आणि हसल्या.

ती चादर मी धुतली, गच्चीत सावलीच्या कडेला उलटी वाळवली आणि संध्याकाळी आईंच्या पायाशी ठेवली. त्यांची रोजची चौघडी, दोन नऊवारींची शिवलेली, ठिकठिकाणी फाटलेली, मी फरशी पुसायच्या चिंध्यांत टाकली होती. त्या रात्री मला फार समाधान वाटलं. पन्नास वर्षांनी एक चादर वापरात आली. पुठ्ठ्यावर मी सुबक अक्षरात लिहिलं: पांघरुणं ८.

रात्री अडीचला न्हाणीघराचा दिवा दिसला म्हणून उठले. आई चिंध्यांच्या बादलीशी वाकून उभ्या होत्या.

“काय हवंय आई?”

“ती सोलापुरी फार टोचते गं. आणि जड किती. चौघडी कुठे ठेवलीस?”

बादलीत हात घातला तर ती वरच होती, अजून फाडली नव्हती. मऊ, विरलेली, हातात घेतली की वजनच नाही. आईंनी ती खांद्यापर्यंत ओढली आणि दोन मिनिटांत त्यांचा श्वास एकसारखा झाला. सोलापुरी मी घडी घालून पुन्हा कपाटात ठेवली, पण खालच्या खणात नाही, हाताशी. पुढच्या पावसाळ्यात गाड्या बंद पडल्या तर ती भाच्याला मिळेल.

मग दिव्याच्या उजेडात पुठ्ठ्यावरच्या आठावर काट मारली आणि नऊ केलं.