अकरा मिनिटं

आमच्या इतिहास विभागाच्या कपाटात एक हार्ड डिस्क आहे. तिच्यात माजी सैनिकांच्या २३ मुलाखती आहेत. त्यातल्या २२ मुलाखतींबद्दल मला समाधान आहे. लिहायचंय ते तेविसाव्या मुलाखतीबद्दल, पण तिथवर पोचायला थोडं मागून यायला हवं.

आमचं कॉलेज सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला आहे, खटाव-माणच्या पट्ट्यात. इथं पाऊस कमी आणि भरती जास्त. जमीन आहे पण पाणी नाही, अशा घरातला एक मुलगा मुंबईला माथाडी कामाला आणि एक पलटणीत, ही वाटणी दोन-तीन पिढ्या चालत आलेली. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर नावातच 'मिलिटरी' लावतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण मारले गेले, त्यांचं स्मारक गावात आहे. त्यांच्यातलं कोण काय बोललं असतं, हे आता कळायला मार्ग नाही. निदान १९६५ आणि ७१ ची माणसं आहेत तोवर त्यांना विचारून घेऊ, एवढ्या साध्या विचारातून मी टीवायच्या ११ मुलामुलींना घेऊन हे काम सुरू केलं. (कॉलेजनं उत्साहानं परवानगी दिली आणि पहिल्याच दिवशी विचारलं, बॅनर कधी छापायचा?)

कामाला लागण्याआधी मी वर्गात एक जुनं रेकॉर्डिंग ऐकवलं. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी पकडलेले हिंदी सैनिक बर्लिनजवळ व्युन्सडॉर्फच्या छावणीत होते. जर्मन भाषातज्ज्ञांनी तिथं कैद्यांचे आवाज तबकड्यांवर घेतले. भाषेचे नमुने म्हणून. त्यात डिसेंबर १९१६ मध्ये मल्ल सिंग नावाचा एक कैदी बोलतो. स्वतःबद्दलच, पण कुणा तिसऱ्याची गोष्ट सांगावी तसं. एक माणूस होता, तो हिंदुस्थानात लोणी खायचा, इंग्रजांच्या फौजेतून युरोपात आला, जर्मनांच्या हाती लागला, आता त्याला घरी जायचंय. तबकडीची खरखर संपल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, एवढ्या मोठ्या लढाईत याला लोणी आठवलं?"

पुढच्या दोन महिन्यांत तो प्रश्न कुणी पुन्हा विचारला नाही. आमचेही सगळे खाण्याबद्दलच बोलत होते. मुलांनी ४० प्रश्नांची यादी केली होती, पहिला प्रश्न 'युद्धाचा अनुभव सांगा'. त्याला पहिल्या आजोबांनी उत्तर दिलं, "हुकूम आला, गेलो. हुकूम आला, आलो." बारा सेकंदांत मुलाखत संपली. पण खिशात भरून दिलेल्या शक्करपाऱ्यांवर तेच आजोबा वीस मिनिटं बोलले. भिजल्यावर ते कसे लागतात, दात कसा तुटला, रजेवर येताना भावंडांसाठी कसे राखून आणले. मग एका मुलीनं यादी बाजूला ठेवली. या भागात प्रत्येक फौजीच्या घरात एक काळी पत्र्याची पेटी असते, पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर घातलेली. आता तिच्यात धान्य नाहीतर गोधड्या असतात. ती एवढंच म्हणायची, "आबा, ही पेटी घरी आणली तेव्हा हिच्यात काय होतं?" त्यानंतर फोनची बॅटरी पुरायची नाही.

पुस्तकातलं युद्ध आणि पेटीतलं युद्ध यांची गाठ क्वचितच पडली. एक आजोबा १९७१ ला जमालपूरला होते. तिथली चिठ्ठीची हकीकत मुलांनी वाचून ठेवली होती. भारतीय ब्रिगेडियरनं 'शरण या' म्हणून चिठ्ठी पाठवली, तर पाकिस्तानी कमांडरनं उत्तराबरोबर बंदुकीची गोळी धाडली. १० डिसेंबरच्या रात्री तिथून निसटू पाहणारी फौज पहिल्या मराठा पलटणीच्या तोंडी सापडली. मुलं उत्सुकतेनं पुढे सरकली. आजोबा म्हणाले, "चिठ्ठीतली गोळी? असंल. आमच्यापतूर ती आली न्हाई. आमच्यापतूर आल्या त्या येगळ्या."

आणि तारखा. एका आजोबांनी ठामपणे सांगितलं, लढाई दुष्काळात झाली. मुलगा नम्रपणे म्हणाला, "आबा, लढाई ७१ ला, दुष्काळ ७२ ला." आबांना ते पटेना. तेव्हा दाराआडून त्यांच्या मालकीणबाई बोलल्या. हे लढाईवरून पहिल्या रजेला आले तेव्हा त्या दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. वाटेवर एक फौजी उभा राहिलेला दिसला, तर त्यांनी पदर पुढे ओढला. आपलाच नवरा हे त्यांना कळलं नाही आणि त्यालाही आपली बायको कळली नाही. मुकादमानं सुकडी वाटायला हाक मारली तेव्हा त्यांनी मान वर केली. आबा त्या सबंध वेळात जमिनीकडे बघत होते. मग म्हणाले, "तेच म्हणतोय मी. दुष्काळातच झाली."

इटलीत तेर्नी नावाच्या गावात लुइजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९ मध्ये मोर्चात पोलिसांकडून मारला गेला. पण गावातले बरेच लोक तो १९५३ च्या कामगारकपातीच्या वेळी गेला असं सांगत. आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकानं ती चूक खोडून टाकली नाही. लोक मृत्यूची तारीख का हलवतात, यावरच त्यानं लिहिलं. मी हे वर्गात दोन वर्षं शिकवत होते. मला स्वतःला ते कळलं ते त्या खडीच्या ढिगापाशी.

आता तेविसावी मुलाखत. या आबांबद्दल मी फार सांगणार नाही. त्यांची पलटण, सीमा, गाव, काही बारीकसारीक गोष्टी मी बदलल्या आहेत किंवा गाळल्या आहेत. दोन मुली गेल्या होत्या. दीड तास नेहमीसारखा गेला. मग एकीनं पेटीचा प्रश्न विचारला आणि आबा म्हणाले, "एक पेटी माजी. एक दोस्ताची. दोन्ही मीच आणल्या."

दोस्त शेजारच्या गावचा. भरतीला एकाच दिवशी रांगेत उभे राहिलेले. त्याची पेटी त्याच्या घरी पोचवताना आबांनी त्याच्या बायकोला सांगितलं होतं, गोळी लागली, जागेवर गेला, काही कळलं नाही त्याला. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. त्या दिवसापासून आबा दर दिवाळीला तिच्याकडे जात होते. तिची पेन्शन, तिच्या वाट्याच्या जमिनीची भांडणं, सगळं त्यांनी पाहिलं. घरच्यांना आणि गावाला ठाऊक होतं ते हे.

रेकॉर्डिंगमध्ये त्यांनी दुसरं सांगितलं. दोस्ताचा पाय माइनवर पडला होता, रात्री. सकाळी इंजिनियरवाले येईपर्यंत कुणी हलायचं नाही, असा हुकूम होता. आबा त्याच्यापासून पन्नास-साठ पावलांवर होते. तो आधी आईला हाका मारत होता. मग आबांना, त्यांच्या घरच्या नावानं. पहाटे पहाटे हाका थांबल्या. ही अकरा मिनिटं आहेत. त्यातली जवळजवळ चार नुसती शांतता, तिच्यात कुठेतरी लांब पिठाची गिरणी चालू आहे.

नियमाप्रमाणे मुलींनी संध्याकाळी फाइल ड्राइव्हवर चढवली. अकराही जणांना ती दिसत होती. त्या अकरांत दोस्ताच्या भावकीतला एक मुलगा होता. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं आबा कॉलेजात हजर. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात संमतिपत्राची त्यांची प्रत. "बाई, काल बोललो ते पुसा. वहिनी जित्या हायेत अजून."

मी जे केलं ते सांगते. मी त्यांना समजावू लागले. सगळं नको, तेवढा भाग बंद ठेवू. पंचवीस वर्षं कुणाला देणार नाही. कुलूप, पासवर्ड. माझ्या मनात एकच होतं: दोन महिन्यांच्या खटपटीत आम्हाला मिळालेली सगळ्यात खरी अकरा मिनिटं हीच आहेत. आबा शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी संमतिपत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "ही सही मी बोलायच्या आधी केली. काय बोलणार ते मला तरी कुठं ठावं हुतं?"

मल्ल सिंगची तबकडी मी त्या वर्षी मोठ्या कौतुकानं ऐकवली होती. ती ठेवायची की फोडायची, असं त्याला कुणी विचारलं असेल का, हा प्रश्न माझ्या डोक्यात तोवर आला नव्हता.

त्यांच्यासमोर ड्राइव्हवरून फाइल काढली. माझ्या लॅपटॉपवरची प्रत मात्र काढली नाही. आणखी आठ दिवस नाही. त्या आठ दिवसांत मी ती तीनदा ऐकली. मग मूळ रेकॉर्डिंग करणारी मुलगी आली, म्हणाली, माझ्या फोनमधलं मी पुसलं, आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी लॅपटॉप उघडला. पुसून झाल्यावर ती म्हणाली, "मॅडम, उपयोग नाही तसा. मला सगळं पाठ झालंय."

मार्चमध्ये कार्यक्रम झाला. बॅनर होता. पहिल्या रांगेत माजी सैनिक आणि वीरपत्नी. काकी आबांच्या बायकोशेजारी बसल्या होत्या, दोघींचं काहीतरी कुजबुजणं चालू होतं. आवाजाचं काम भावकीतल्या त्या मुलाकडे. त्यानं ती फाइल ऐकली होती का, घरी काही बोलला का, हे मी त्याला कधी विचारलं नाही. आबांची पाळी आली तसा तो वाकून हळूच म्हणाला, "मॅडम, यांचं कुठलं लावू?" त्याच्याकडे आबांची आता एकच फाइल होती, भरतीच्या दिवसाची. "आहे तेच लाव," मी म्हणाले. छाती मोजताना दोस्तानं कसा श्वास रोखून धरला आणि तपासणारा साहेब कसा हसला, ते सगळ्यांनी ऐकलं. काकी तोंडाला पदर लावून हसल्या.

गेल्या वर्षी काकी गेल्या. तेरावं झाल्यावर आबांचा फोन आला, "या आता. मशीन घेऊन या." मी त्या मुलीला बोलावून घेतलं. ती आता पुण्यात नोकरी करते, रजा टाकून आली. ओसरीवर तीच खुर्ची. फोन उलट्या तांब्याला टेकवून ठेवला. तिनं विचारलं, "आबा, दुसरी पेटी कुणाची?"

आबा बराच वेळ फोनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दोस्ताची. गोळी लागली त्याला. जागेवर गेला. काय बी कळलं न्हाई त्याला."

मुलगी थांबली. पुढचा प्रश्न तिनं विचारला नाही, मीही नाही. आबांनीच हातानं खूण केली तेव्हा तिनं रेकॉर्डिंग बंद केलं. ते सव्वा मिनिट आता हार्ड डिस्कवर आहे.

चहा झाला. आम्ही चपला घालत होतो तेव्हा आबा उंबऱ्याशी आले. "बाई, ते पयलं सांगितलेलं तुमच्या ध्यानात असंल."

"आहे, आबा."

"लिवा मग. नाव नका घालू. पर माज्या आवाजात नको."