वालधुनीचं पाणी कुणी काळं केलं, हे संशोधनात का येत नाही?

वालधुनी अंबरनाथच्या डोंगरातून निघते, शिवमंदिराजवळून वाहते, उल्हासनगरच्या वस्त्यांमधून जाते आणि कल्याणजवळ उल्हास खाडीला मिळते. या नदीवर संशोधन होत नाही असं नाही. मी जे शोधनिबंध वाचले त्यांत पीएच असतो, बीओडी-सीओडीचे तक्ते असतात, जड धातूंचं प्रमाण असतं. फक्त ते पाणी कुणाच्या पाइपातून आलं, हे नसतं. कर्ता नसलेलं वाक्य असावं तसं हे संशोधन आहे. नदी "प्रदूषित झाली" आहे. केली कुणी, ते विचारायचं नाही.

आमच्या अभ्यासिकेत येणारी एक मुलगी याच पाण्यावर पीएचडी करते आहे. कामगाराची लेक, घरातली पहिली पदवीधर. तिने नमुने कुठून घेतले त्या जागा लिहिल्या, शेजारच्या कारखान्यांची नावं लिहिली. मार्गदर्शक म्हणाले, "नावं काढ, 'औद्योगिक क्षेत्र' एवढंच ठेव." कारण सरळ होतं. त्याच कंपन्यांकडून कॉलेजला प्रोजेक्ट मिळतात, मुलांना नोकऱ्या मिळतात. सर वाईट माणूस नाहीत. पण फेलोशिपच्या प्रत्येक अहवालावर त्यांची सही लागते आणि तिचं घर त्या फेलोशिपवर चालतं. मग ती नावं ठेवणार कशी?

मित्रांनो, ही एका मुलीची गोष्ट नाही. दबाव तीन बाजूंनी येतो.

पहिला पैशाचा. सरकारी अनुदान आटलं की कॉलेज उद्योगांच्या दारात उभं राहतं, आणि देणाऱ्याला दुखवत नाही.

दुसरा गुणांचा. यूजीसीने २०१० च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या बढतीसाठी एपीआय गुण आणले. २०१६ च्या नियमांनी पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापणं सक्तीचं केलं. पैसे भरा आणि छापून घ्या, असा बाजारच उभा राहिला. २०१८ मध्ये यूजीसीला आपल्याच यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकावी लागली. पीएचडीची सक्ती २०२२ मध्ये गेली, पण सवय गेली नाही. दहा निरुपद्रवी निबंधांना गुण मिळतात. एका खऱ्या प्रश्नामागे चार वर्षं घालवणारा मागे पडतो.

तिसरा दबाव उपकाराच्या भाषेतला. बार्टीच्या २०२१ च्या तुकडीतल्या ८६१ संशोधकांपैकी फक्त २०० जणांना फेलोशिप द्यायचं ठरलं, तेव्हा २०२३ मध्ये आपल्या पोरांना आझाद मैदानात ठिय्या द्यावा लागला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवारांनी पीएचडी करून काय दिवे लावणार, असा सवाल विधिमंडळात केला. ज्याला हक्काच्या पैशासाठी मैदानात बसावं लागतं, त्याने व्यवस्थेला प्रश्न विचारावेत ही अपेक्षा कुणी करायची?

काही जण म्हणतील, मग कुणाचाच पैसा घ्यायचा नाही का? घ्यावा. बाबासाहेब सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबियाला गेले, आणि बडोद्याची नोकरी करण्याचा करारही त्यांनी केला होता. पण निष्कर्ष काय निघावा, हे त्या करारात नव्हतं. पुढे लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी पुन्हा लिहायला लावला. ब्रिटिश चलननीतीवरची टीका त्यांना झोंबली होती. बाबासाहेबांनी मांडणी बदलली, निष्कर्ष सोडला नाही, आणि १९२३ मध्ये पदवी घेतली. त्यांचे गुरू एडविन कॅनन त्यांच्या निष्कर्षांशी सहमत नव्हते. तरीही पुस्तकाला प्रस्तावना त्यांनीच लिहिली आणि आपली असहमती त्यातच नोंदवली. मार्गदर्शक असा असतो. तो वाद घालतो, नावं खोडायला सांगत नाही.

नावं खोडल्याची किंमत कोण मोजतं? नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात वालधुनीत रसायन ओतलं गेलं आणि काठावरच्या शेकडो माणसांना त्या वायूचा त्रास झाला. काठावर बंगले नाहीत, आपल्या वस्त्या आहेत. उल्हास आणि वालधुनीसाठी हरित लवादाकडे गेली ती 'वनशक्ती' ही संस्था. इतकी कॉलेजं आणि इतक्या प्रयोगशाळा असताना नदीची बाजू मांडायला विद्यापीठ पुढे आलं नाही, याची आपल्याला लाज वाटली पाहिजे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. उद्योगांशी झालेला प्रत्येक संशोधन करार कॉलेजने जाहीर करावा. निष्कर्ष छापण्याचा संशोधकाचा हक्क त्या करारात लिहिलेला असावा. फेलोशिप वेळेवर मिळावी, आणि तिच्या अहवालावर एकट्या मार्गदर्शकाची सही पुरेशी नसावी, समिती असावी. नदीवरच्या प्रत्येक प्रबंधाचा मराठी सारांश काठावरच्या वस्तीच्या वाचनालयात ठेवावा.

आणि आपण आंबेडकरी कार्यकर्त्यांनी एक करावं. पोराला पीएचडी मिळाली की हार घालतो, बॅनर लावतो. त्या बॅनरखाली उभं राहून त्याला विचारावं, "बाबा, तू काय शोधलंस? आणि काय खोडलंस?"

जयभीम.